सासीचा खांब

२८ नोव्हेंबर

आज गुरुजी बेट सोडून गेले. नाताळच्या सुट्टीला जातोय म्हणाले, पण जाताना उशी नेली आणि कोंबडीही नेली. सुट्टीला जाणारा माणूस कोंबडी नेत नाही. शाळेला त्यांनीच कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली, जशी काही मी उद्यापासून मुलांना पाढे शिकवणार आहे. नर्सबाई तर आधीच गेली. तिच्या दवाखान्याच्या खोलीत आता शेळ्या बसतात.

गुरुजींच्या ओट्यावर बसून मी बोलायचो आणि ते ऐकायचे, निदान ऐकल्यासारखं करायचे. आता बोलू कोणाशी? बायकोशी, पाउलिनाशी, बोलायला जावं तर ती अर्ध्यातूनच उठून चुलीकडे जाते. गुरुजींनी एक कोरी वही मागे टाकली होती, ती घेतली.

मी एलियास रेन्यान, या गावच्या समुद्राचा राखणदार. गावाला हे सांगावं लागत नाही, वहीला सांगितलं. गावासमोरच्या खडकांवर सध्या सासी आहे. कोवळ्या झावळ्या बांधलेला खांब मी माझ्या हाताने रोवला, त्यावर चर्चमध्ये प्रार्थना झाली. खांब उभा आहे तोवर त्याच्या पलीकडच्या पाण्यात कोणी उतरायचं नाही, जाळं टाकायचं नाही, खडकांमधल्या वाटेने होडीसुद्धा न्यायची नाही. पाऊसवारा संपला की एप्रिलात सासी उघडेल, सगळं गाव एकदम पाण्यात उतरेल आणि लोला शंख वर काढेल. वर्षभराचं तांदूळ-रॉकेल त्या शंखांवरच येतं.

माझ्या आधीचा राखणदार मऊ होता. त्याच्या वेळी एकाचा दात दुखला, म्हणून त्याला वाटेने मोठ्या बेटावर जाऊ दिलं. मग काय, त्या आठवड्यात अख्ख्या गावाचे दात दुखायला लागले. सासी उघडली तेव्हा शंख निघाले ते अंगठ्याएवढे. त्या साली आम्ही कसाव्याच्या कंदाची सालंसुद्धा उकडून खाल्ली. माझ्या राखणदारीत कोणाचा दात दुखत नाही.

९ डिसेंबर

पश्चिमेचा वारा सुटला. जहाज येणार नाही असं टेकडीवर फोन घेऊन गेलेल्यांनी सांगितलं. दरवर्षी हेच सांगतात आणि दरवर्षी आम्ही टेकडी चढतो. विहिरीचं पाणी पुन्हा मचूळ झालं आहे.

मोठ्या बेटावर जायचं तर आता उत्तरेच्या टोकाला वळसा घालून जावं लागतं. या वाऱ्यात तिथे लाटा घराएवढ्या उठतात. खडकांमधली वाट सरळ आणि शांत, पण ती सासीत.

पाउलिनाने आज भाकरी करपवली. सुपारीही खात नाही. तोंडाला चव नाही म्हणे. म्हटलं, बरंच झालं, माझी सुपारी वाचली.

२१ डिसेंबर

दिवस उजाडता उजाडता कोर्नेलिस आला. दोन घरं सोडून राहतो, होडीचं चांगलं इंजिन गावात त्याच्याकडेच आहे. त्याची बायको सार्लोता कालपासून अडली आहे. सुईण आजी म्हणते, मूल आडवं आलंय, माझ्या हातात काही नाही, मोठ्या बेटावर शहरात न्या.

"काका, वाटेने जाऊ द्या," तो म्हणाला.

"सासी आहे."

"ठाऊक आहे हो. म्हणून तर विचारायला आलो. इंजिन बंद ठेवतो. वल्ह्याने नेतो."

"वल्हं काय नि इंजिन काय. होडी ती होडी."

"मग तुम्ही स्वतः बसा होडीत. माझ्या हातावर नजर ठेवा. एक शंख जरी उचलला तरी जिवंत सोडू नका मला."

मी त्याला दाताची गोष्ट सांगितली. त्याच्या बापाने त्या साली सालं खाल्ली होती, त्याला माहीत असायला हवं. आज तू, उद्या दुसरा, परवा तिसरा. माझ्याकडे आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं असला प्रकार नाही, सगळ्यांना एकच न्याय. बाहेरून जा म्हटलं.

 तो पळतच गेला. सार्लोताला खाटेसकट होडीत ठेवलं. ती ओरडत नव्हती, तोंडात कापडाचा बोळा घट्ट धरला होता. होडी टोकाकडे वळेपर्यंत मी खांबाजवळ उभा होतो. पाउलिना दारात उभी होती. घरात आलो तेव्हा ती चुलीपुढे बसलेली, आणि चूल पेटवलेलीच नव्हती.

२४ डिसेंबर

कोर्नेलिस परत आला. सार्लोता वाचली. मुलगा झाला, तो टोकापाशी होडीतच. रडला नाही.

चर्चमागे बदामाच्या झाडाखाली पुरला. मी गेलो होतो. कोर्नेलिसने माझ्याकडे पाहिलं नाही, दुःखात माणसाला भान कुठे असतं. आडवं आलेलं मूल, वाटेने नेलं असतं तरी जगलं असतं कशावरून? देवाच्या मनात जे असतं ते होतं. हे मी पाउलिनाला म्हटलं. ती म्हणाली, "देवाचं नाव नका घेऊ आज." उद्या नाताळ, आणि देवाचं नाव घेऊ नका म्हणते.

२५ डिसेंबर

चर्चमध्ये आमच्या बाकावर दुसरं कोणी बसलं नाही. एरवी पाच-सहा जण दाटीवाटीने बसतात. राखणदाराचा मान राखला म्हणायचा. पाउलिनाही बायकांच्या बाजूला, सार्लोताच्या जागेपाशी जाऊन बसली. सार्लोता आलीच नव्हती. मला ऐसपैस जागा मिळाली.

६ जानेवारी

गाव शिस्तीला लागलं. खांबाच्या आसपास कोणी फिरकत नाही, पोरंसुद्धा नाहीत. मी किनाऱ्यावर गेलो की जाळी विणणारे उठून घरी जातात. पूर्वी असं नव्हतं, मला बसवून घ्यायचे, माडीचा पेला पुढे करायचे. सण संपला, माडीही संपली असेल.

गावप्रमुख यर्मियास भेटला. "तुझं बरोबरच होतं, एलियास," असं म्हणाला, पण बोलताना माझ्या पायांकडे बघत होता. पायाला काही लागलंय का म्हणून मीही बघितलं.

पाउलिना रोज सार्लोताकडे जाते. गरम पाणी नेते, पपईच्या पानांचा काढा नेते. काल आमच्या वाटचा तांदूळही नेला. मी म्हटलं, "अगं, आपण काय खायचं?" तर म्हणे, "मला भूक नाही, तुमच्यापुरतं आहे." दुष्काळात तेरावा महिना. पोटावर तिने हल्ली एक फडकं घट्ट गुंडाळलेलं असतं. थंडी वाजते म्हणते. या हवेत थंडी!

१८ जानेवारी

आज भांडण झालं. खरं तर मीच भांडलो, ती नुसती बसली होती.

मी म्हटलं, "महिना झाला, घरात कोणी मेल्यासारखी वागतेस. मी नियम पाळला, चोरी केली नाही."

"मी काही बोलले का तुम्हाला?"

"बोलत नाहीस तेच तर! बोल की. शिव्या दे हवं तर."

तिने पाय पोटाशी घेतले आणि विचारलं, "सार्लोताच्या जागी मी असते तर?"

"आता या वयात बाळंत होतेस?" मी हसून म्हटलं. ती हसली नाही.

"सांगा ना. मी असते तर वाटेने नेलं असतं?"

"नसतं नेलं," मी म्हटलं. "नियम म्हणजे नियम. तुलाही बाहेरूनच."

"बरं," ती म्हणाली. "लक्षात ठेवा हं."

त्यानंतर मात्र ती शांत झाली. रात्री माझ्यासाठी मासाही भाजला. बायकांना सरळ उत्तर दिलं की बरं वाटतं, घोळवत बसू नये.

२ फेब्रुवारी

आज ती दोनदा ओकली. शिळा मासा बाधला म्हणते. मासा मीही खाल्ला होता, मला काही झालं नाही. तिच्या बोटातली लग्नाची अंगठी निसटून पाण्याच्या हंड्यात पडली. तिने दोरा गुंडाळून पुन्हा घातली. म्हटलं, जहाज आलं की शहरात जाऊन दाखवून येऊ. ती म्हणाली, "कशाला? सासी उघडू दे आधी." समजूतदार आहे, ते मानलं पाहिजे.

१० फेब्रुवारी

परवाचं आज लिहितोय. शहरात दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो आहे, वही कपड्यांच्या पिशवीत आली, पेन कोर्नेलिसने कुठूनतरी आणून दिलं.

परवा सकाळी ती चुलीपाशी कोसळली. पोटाला हात लावला तर फळीसारखं टणक. सुईण आजीने फडकं सोडलं आणि माझ्यावरच ओरडली, "आंधळा झालास का रे? हिला किती दिवस झाले हे?" मला कुठे ठाऊक! आजी म्हणाली, सार्लोताला ठाऊक होतं, पाउलिनाने तिच्या गळ्याची शपथ घातली होती कोणाला सांगू नकोस म्हणून.

मी कोर्नेलिसच्या दारात गेलो.  मला बघून तो उठला आणि इंजिन खांद्यावर घेतलं. सार्लोता दारातून बाजूला झाली, होडीत पाउलिनाखाली अंथरायला तिने माझ्यासमोर चटई टाकली. तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

होडीत घातल्यावर पाउलिनाने डोळे उघडले. मी कोर्नेलिसला म्हटलं, "वाटेने चल." माझ्याच तोंडून निघालं, विचार करायलाही थांबलो नाही.

"नाही," ती म्हणाली. होडीची कड धरून ठेवली. "बाहेरून."

"पाउलिना, अगं, बाहेरून अर्धा दिवस जाईल."

"तिला बाहेरून पाठवलंत ना? मलाही बाहेरूनच. तुम्हीच सांगितलंत." मग कोर्नेलिसकडे वळून म्हणाली, "बाळा, टोकाकडे घे. तुला माझी शपथ आहे."

कोर्नेलिसने इंजिन सुरू केलं आणि होडी टोकाकडे घेतली.  त्याला थांब कोणत्या तोंडाने म्हणणार होतो? पहिली मोठी लाट आली, होडी उचलून आपटली, पाउलिनाच्या तोंडून आवाज निघाला. तसा आवाज मी तिच्या कुठल्याच बाळंतपणातही ऐकला नव्हता. कोर्नेलिसने एकदा समोर टोकाकडे बघितलं. त्याचा मुलगा तिथेच गेला होता. मग त्याने सुकाणू फिरवलं.

"बाळा, शपथ घातलीय!" ती म्हणाली.

"मोडली, काकू. तुमचं ऐकायला मी काय तुमचा नवरा आहे?"

होडी खांबाजवळून गेली. झावळ्या वाळून पिवळ्या पडल्या आहेत, बदलायला हव्या होत्या. अशा वेळी थांब म्हणून ओरडायचं काम राखणदाराचं. कोर्नेलिस माझ्याकडे बघत होता. मी ओरडलो नाही. वाटेतलं पाणी इतकं नितळ होतं की तळाचे शंख दिसत होते. लिहायलाही लाज वाटते, पण बायको पायाशी कण्हत असताना माझ्या मनात आलं, चांगले वाढलेत.

१३ फेब्रुवारी

आल्या दिवशीच पोट फाडलं होतं, आतलं फुटलेलं गळू साफ केलं. वाचली.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, दूर दिलेल्या माझ्या मुलीच्या वयाची. हसून म्हणाली, "आजोबा, वेळेवर आणलंत. आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. कुठून आलात?" मी बेटाचं नाव सांगितलं. "अरे वा, या वाऱ्यातसुद्धा इतक्या लवकर?" ती म्हणाली. "मग तिथे सरळ वाट आहे वाटतं."

कोर्नेलिस माझ्या शेजारीच उभा होता, हातात पाउलिनाच्या कपड्यांची पिशवी. त्याने पिशवी बाकावर ठेवली. "होडीत पाणी भरलं असेल, उपसून येतो," असं म्हणून गेला. रात्र झाली तरी आला नाही. मी शोधायला गेलो तर कोरड्या होडीत बसला होता.

२१ फेब्रुवारी

पाउलिना उठून बसते, पेज पिते. आज मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात घरी जाऊ.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी ताईकडे राहते." तिची थोरली बहीण इथे शहरात असते.

"किती दिवस?"

"मी जगले, एलियास." नाव घेऊन हाक ती कधी मारत नाही. "हे जगलेलं तोंड मी सार्लोताला कसं दाखवू? ती विचारणार नाही, पण रोज बघेल ना. किती लवकर पोचलो ते तिला कळलं असेल."

"मग तू एवढे दिवस दुखणं अंगावर का काढलंस? मला सांगितलं असतंस तर—"

"तर तुम्ही वाट उघडली असती," ती म्हणाली. "तेच तर मला बघायचं नव्हतं."

मी व्हरांड्यात येऊन रडलो. आजूबाजूला माणसं होती, तरी रडलो. परत आत जाऊन म्हटलं, सांग, काय करू म्हणजे तू येशील? ती म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून काही करू नका. माझं काय गेलंय?"

२७ फेब्रुवारी

कोर्नेलिस आधीच परतला होता. मी एकटाच आलो, दुसऱ्याच्या होडीतून, बाहेरून. टोकापाशी आतडी बाहेर येतील इतका ओकलो. सार्लोता याच लाटांतून, आडवी पडून, तोंडात बोळा धरून शहराकडे गेली होती.

संध्याकाळी यर्मियास आला. सासी मोडली गेली, त्याचं काय, असा विषय. मोडणाऱ्याने पितळी थाळा वाजवत गावभर फिरायचं, प्रत्येक घरापुढे थांबून आपण काय केलं ते मोठ्याने सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, मी केलं तसं तुम्ही करू नका. बापजाद्यांपासून चालत आलंय. मोडणाऱ्याचं नाव राखणदाराने द्यायचं असतं.

"कोर्नेलिसचं नाव नाही दिलंस तरी चालेल," यर्मियास म्हणाला. "आजारपण होतं. सगळ्यांना समजतं."

"डिसेंबरात नाही चाललं, आता कसं चालतं?"

यर्मियासने या वेळी माझ्या पायांकडे पाहिलं नाही. "डिसेंबरात तू आम्हाला विचारलंस तरी का? पाच म्हातारे बसलो असतो, एक प्रार्थना म्हटली असती, एका होडीपुरती वाट दिली असती. माझ्या आजोबांनी दिली होती एकदा. सासी शंखांसाठी असते रे, माणसं मारायला नसते. तू म्हणजेच सासी, असं तुला वाटलं."

"मग त्या दिवशी का नाही बोललास?"

"तू खांबाजवळ उभा होतास," तो म्हणाला. "तुझा चेहरा बघून कोणी पुढे आलं नाही. तीही आमची चूकच."

तो गेल्यावर चूल पेटवायला बसलो. फुंकर घालून घालून छाती भरून आली, पण लाकूड ओलं होतं.

१ मार्च

आज रविवार. चर्च सुटल्यावर यर्मियासच्या घरून थाळा आणला. तो म्हणाला, कोर्नेलिसला सांगितलंस का? मी म्हटलं, कोर्नेलिसचा काय संबंध?

सुरुवात स्वतःच्या घरापासून करायची असते. घरात कोणी नव्हतं, तरी दारापुढे उभा राहिलो, थाळा वाजवला आणि काय केलं ते म्हटलं.  पोरं मागे लागली, त्यांना मजा वाटली. म्हातारा राखणदार थाळा बडवत फिरतोय, असा खेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. पुढच्या घरी बायका कसावा किसत होत्या, त्यांनी हात थांबवले. मी म्हटलं, "मी एलियास. सार्लोताला मी वाट दिली नाही. कोणाला विचारलं नाही. माझ्या बायकोला मात्र दिली. मी केलं तसं तुम्ही करू नका." एक म्हातारी म्हणाली, "बरं बरं, ऐकलं." दुसरीने दार लावून घेतलं.

कोर्नेलिसच्या घरापुढे आलो तेव्हा पोरंही मागे थांबली. कोर्नेलिस मागच्या बाजूला लाकडं फोडत होता, त्याची कुऱ्हाड थांबली नाही. सार्लोता ओट्यावर कसाव्याचं पीठ चाळत होती. मी थाळा वाजवला आणि म्हटलं. तिच्यासमोर ते शब्द तोंडातून निघता निघता बारीक झाले.

ती चाळत राहिली. मग चाळण बाजूला ठेवली. तिची नजर माझ्याकडे नव्हती, चर्चमागच्या बदामाच्या झाडाकडे होती.

"तिकडे ऐकू गेलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा म्हणा."

मी थाळा वाजवला आणि असेल नसेल तेवढ्या आवाजात पुन्हा म्हटलं. मागची कुऱ्हाड थांबली होती. सार्लोताने झाडाकडे बघत चाळण उचलली. पुढे अजून बरीच घरं होती, मी चालायला लागलो.